‘नोकरी देणारे व्हा’ म्हणे! पण आमची उधारी कोण देणार?

साचेकार (धागाकर्ता)

‘नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा’ हे वाक्य मंत्र्यांच्या भाषणापासून गणेश मंडळाच्या बक्षीस समारंभापर्यंत सगळीकडे ऐकून झालं. माझ्या मते हे वाक्य बेकार पोराच्या बेकारीचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडण्यासाठी वापरलं जातं.

आपल्याकडे उद्योजकांचा तुटवडा कधीच नव्हता. 2013 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात साधारण 5.85 कोटी आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांतल्या 72 टक्क्यांच्या आसपास आस्थापनांमध्ये पगारी माणूस एकही नव्हता. मालक, मालकाची बायको आणि शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसणारा पोरगा, संपला स्टाफ. 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात दाखवलेत. त्यात अल्पभूधारक शेतकरी आला, टपरीवाला आला, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी सून पण आली. ही उद्योजकता नाही, गरिबीची खूण आहे. एवढे ‘उद्योजक’ असूनही पोरं पोलीस भरतीला रात्रीपासून रांगेत का उभी राहतात?

नोकऱ्या होतात त्या दहा माणसांच्या शेडची पन्नास माणसांची शेड झाली की. ती का होत नाही ते मी रोज बघतो. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या मशीनिंगचं (ओतीव भाग मशीनवर कापून मापात आणायचं) जॉबवर्क करतो. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीनं), अकरा माणसं. तिसरी पाळी काढावी एवढं शेड्यूल (कंपनीची महिन्याची ऑर्डर) हातात आहे. चार माणसं आज घेता येतील. पण माल गेला, गेटवर नोंद झाली, तपासणीत पास झाला, बिल लागलं की तिथून नव्वद दिवस मोजायचे. कधी एकशे वीस. मधेच चार पीस रिजेक्ट म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातली कपात येते, ती वेगळीच. जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणजे त्या चार माणसांचे चार महिन्यांचे पगार आधी मी घालायचे. कुठून? बँकेचं सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) तर फेब्रुवारीतच तळाला गेलंय.

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांत पैसे द्या असं स्वच्छ लिहिलंय. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आजवर कुणी मागितलं? व्याज मागणाऱ्याचं पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य येतं.

तेव्हा नवीन उद्योजक घडवण्याचे मेळावे थोडे बंद करा आणि आहेत त्यांचे पैसे वेळेवर मिळवून द्या. नोकऱ्या आपोआप दिसतील.

---

उमेदवाली

लेख पटला नाही. नव्वद दिवसांचं दुखणं खरं आहे, पण ते तुमच्या एमआयडीसीचं. त्यावरून खालच्या बायकांच्या धंद्यांना ‘गरिबीची खूण’ ठरवू नका.

मी बचत गटांबरोबर काम करते. आमच्या एका ताईने पन्नास हजारांच्या आतलं कर्ज काढून शेवयांचं मशीन घेतलं. मार्च ते मे दारात रांग असते, लोक गव्हाचा रवा घेऊन येतात आणि किलोवर मजुरी देऊन जातात. तिने नोकरी कुणालाच दिली नाही, कबूल. पण त्याआधी ती दुसऱ्याच्या उसात भांगलायला जायची, आता स्वतःच्या दारात बसून त्याच्यापेक्षा जास्त कमावते आणि पोरगी शाळेत जाते. तुमच्या आर्थिक गणनेत हिचा शून्य धरायचा का?

आणि एक विचारते. तुमच्या अकरा माणसांत बाया किती?

---

साचेकार

दोघी. इन्स्पेक्शनला आहेत, आणि त्यांच्याइतकं काटेकोर गेज लावणारा पुरुष मला अजून मिळालेला नाही. तिसऱ्या पाळीला मात्र त्यांना बोलावता येत नाही, रात्री घरी सोडायला गाडी लागते.

ताईंबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या पोरीने उद्या बी.एस्सी. केलं तर तिलाही शेवयांचंच मशीन देणार का? मी त्या पोरीच्या नोकरीबद्दल बोलतोय.

---

पासबुक

35 वर्षं बँकेत काढली, शेवटची काही कर्ज विभागात. दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचतो.

मुद्रा योजना एप्रिल 2015 ला सुरू झाली. दहा वर्षांत 52 कोटींवर कर्जखाती आणि 32 लाख कोटींवर रक्कम असे सरकारी आकडे आहेत. भागाकार करा, सरासरी 62 हजारांच्या आसपास येते. त्यात वडापावची गाडी होते, शिलाई मशीन होतं, उमेदवाली म्हणतात ते शेवयांचं मशीन होतं. दुसऱ्याचा पगार निघेल असं काही त्यात उभं राहत नाही. योजना वाईट नाही, तिच्यावर ‘रोजगारनिर्मिती’चं लेबल लावणं वाईट.

दुसरं म्हणजे कोटेशनचा खेळ. मशीनचं कोटेशन आणायचं, बँकेने डीलरच्या खात्यावर पैसे टाकायचे, डीलरने कमिशन कापून रोख परत द्यायची. तपासणीला गेलं तर शेजारच्याचं मशीन दाखवतात, त्याच्यावर शेजाऱ्याच्या दुकानाचं नाव रंगवलेलं असतं. अशी खाती थकली की नंतर येणाऱ्या खऱ्या गरजवंताला आम्ही चार कागद जास्त मागतो.

साचेकारांना एवढंच की कायदा आता थोडा धारदार झालाय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही. 1961 च्या आयकर कायद्यात हे 43बी मधलं ‘एच’ कलम. 2024 च्या मार्चमध्ये पळापळ झाली होती.

---

साचेकार

झाली ना! मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम तीन महिन्यांची बिलं जमा. साहेब स्वतः फोन करून ‘मिळाले का’ विचारत होते. एप्रिलपासून पुन्हा जैसे थे. कारण ते कलम 31 मार्चला काय थकलंय ते बघतं. जूनचे पैसे ऑक्टोबरात दिले तरी वर्षाच्या आत दिले, वजावट शाबूत. आणि काही खरेदीदारांनी तर ‘लघुउद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी नसती तर बरं’ असं सुचवून ठेवलंय. लेखी नाही अर्थात.

---

खर्चीवाला

इचलकरंजी. वडिलांपासून आठ माग.

सरकारच्या कागदावर मी सूक्ष्म उद्योजक आहे. माझा धंदा काय, तर व्यापारी सुताची बिमं (सूत गुंडाळलेले रूळ) पाठवतो, मी कापड विणून देतो आणि पिकावर (आडव्या धाग्यांच्या हिशेबाने) मजुरी घेतो. सूत त्याचं, कापड त्याचं, भाव त्याचा. माग माझे, वीजबिल माझं, मोडतोड माझी. बाजार पडला की तो बिमं पाठवायची थांबवतो, काढून टाकल्याची नोटीससुद्धा द्यावी लागत नाही. मला सांगा, मी मालक की कामगार?

कामगार होता एक, दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. आता एक पाळी मी करतो, एक भाऊ. 1904 साली दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्यावर अख्खं शहर उभं राहिलं, शाळेत आम्हाला अभिमानाने शिकवलं. शेजारच्या गल्लीतले जुने माग गेल्या वर्षी किलोवर भंगारात गेले. मला कुणी महिन्याच्या एक तारखेला पगार आणि पीएफ देत असेल तर उद्योजकता त्याच्या पायाशी ठेवतो.

---

आकडेमोड

खर्चीवाल्यांचा प्रतिसाद हा खरा धागा आहे.

जरा पुस्तकी बोलतो. लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव ठेवायचं धोरण 1967 पासून होतं, यादी एके काळी आठशेच्या वर गेली होती. हेतू चांगला, रोजगार टिकावा. परिणाम असा की मोठं होणं हाच गुन्हा ठरला. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून वस्तू वगळत गेले, शेवटच्या 20 वस्तू 2015 मध्ये सुटल्या. यावर अभ्यास झालेत. ज्या जिल्ह्यांत अशा वस्तूंचं उत्पादन जास्त होतं तिथे आरक्षण उठल्यावर रोजगार वाढला, घटला नाही.

शे आणि क्लेनो या दोन अर्थशास्त्रज्ञांचं 2014 चं निरीक्षण तर चटका लावणारं आहे. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपट माणसं पोसतो, भारतात जेमतेम दुप्पट. आपले कारखाने म्हातारे होतात, मोठे होत नाहीत.

---

लाल बावटा

सगळे मालकांच्याच अडचणी सांगताय, म्हणून एक विरोधी सूर.

शेडची पन्नास माणसं का होत नाहीत, याचं अर्धं उत्तर साचेकारांनी गिळलंय. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ. मग मालक काय करतो? पत्र्याची एक भिंत घालतो, पलीकडची शेड बायकोच्या नावाने. दोन पाट्या, दोन जीएसटी नंबर, एकच भट्टी. हेल्पर इकडचा की तिकडचा हे त्यालाही माहीत नसतं. बारा तास काम, हजेरी आठची. उरलेल्या चार तासांचे पैसे पाकिटात.

असली ‘नोकरी देणारे’ आम्हाला नकोत. त्यापेक्षा शेवयांचं मशीन परवडलं, निदान तिथे कुणी शिवी देत नाही.

---

साचेकार

माझ्याकडे अकराही जणांचा ईएसआय भरला जातो, चलन दाखवतो. पण भिंत घालणारे आहेत, नाकारत नाही. त्यांचा हिशेब असा की बाजूच्याने पीएफ चुकवून दर पाडला की खरेदीदार तोच दर मला दाखवतो. तुम्ही मला धरता, दर पाडून घेणाऱ्या बड्या कंपनीच्या गेटवर मात्र तुमचा झेंडा गेली कित्येक वर्षं दिसलेला नाही.

---

लाल बावटा

गेटवर आता कंत्राटी पोरं उभी आहेत, युनियन केली की दुसऱ्या दिवशी पास बंद. झेंडा कुठे रोवू? आणि ‘बाजूचा चोरी करतो’ हे कारण कामगाराने दिलं तर चालेल का हो?

---

घाणा आणि गुऱ्हाळ

मूळ लेखात एक गृहीतक आहे की मोठा कारखाना आला की खाली शेड उभ्या राहतात. वाळूजला तसं झालं, 1985 च्या सुमारास बजाज आली आणि पाठोपाठ पुरवठादार. कोल्हापुरात उलटं घडलं. इथे मोठं कुणी आलंच नव्हतं. नदीचं पाणी उसाला चढवायला ऑइल इंजिन हवं होतं, गुऱ्हाळाला घाणा हवा होता, आणि ते मोडलं की दुरुस्त करणारा हवा होता. म्हादबा मेस्त्रींसारखी फारसं न शिकलेली माणसं इंजिन खोलून बघता बघता इंजिन बनवायला लागली. त्यातून फौंड्री आल्या. यांना कुठलं महामंडळ, कुठला मेळावा?

धाडस करणारा लागतोच. घोषणेला हसा, पण धाडसाला हसू नका.

---

दर्यापार

वरच्याला पुरवणी आणि थोडा विरोध. धाडस बरोबर, पण हात कुठे तयार झाला तेही बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. बेळगावात सायकलचं दुकान नंतर, नांगर त्याच्या नंतर. 1910 ला कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला तो औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि दहा हजार कर्ज दिलं म्हणून. नोकरीत शिकलेला माणूस, विश्वासाने पैसे देणारा राजा आणि उसाचं पाणी मागणारा शेतकरी. तिन्ही लागले.

मी काही वर्षं ढाक्यात कापड खरेदीच्या कामात होतो. तिथल्या तयार कपड्यांच्या धंद्याचं मूळ सांगतात ते असं. 1979 मध्ये देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने 130 माणसं कोरियात देवूच्या कारखान्यात शिकायला पाठवली. परत आल्यावर त्यातली बहुतेक जण काही वर्षांत बाहेर पडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीचं नुकसान, देशाची चांदी. आज तिथे त्या धंद्यात चाळीस लाखांच्या घरात माणसं आहेत, त्यात बाया निम्म्याहून जास्त. तिथली मजुरी आणि इमारती यांवर लाल बावटा वेगळा धागा काढतील, आणि काढावाच, 2013 मध्ये कोसळलेली राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत विसरण्यासारखी नाही. पण क्रम बघा: आधी नोकरी, त्यात शिक्षण, मग उद्योजक. आपण बी.ए. झालेल्या पोराला पहिल्याच दिवशी मालक करायला निघालोय.

---

उमेदवाली

आणि कोरियाला पाठवायला 130 जणांत बायका किती होत्या? (असाव्यात थोड्या, माहिती असेल तर सांगा.) आमच्या तालुक्यात बायकांना घेणारा कारखाना शून्य. काजू फोडायचं एक युनिट होतं, ते चंदगडकडे गेलं. तोवर मशीन विकू का शेवयांचं? क्रम वगैरे ज्याच्या दारात कारखाना आहे त्याने पाळावा.

---

डिप्लोमा_2024

इतकं सगळं वाचलं, आता माझं सांगा. मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला ट्रेनी म्हणून वर्ष झालं, कायम करत नाहीत. वडील म्हणतात गावाकडे जागा आहे, महामंडळाच्या व्याज परताव्यातून दहा-पंधरा लाखांचं कर्ज काढू आणि एक सेकंडहँड सीएनसी टाकू. टाकू का?

---

साचेकार

आत्ता नको. चाकणला ट्रेनी राहा किंवा माझ्याकडे ये, सेटिंग शीक. प्रोग्रॅमिंग सगळ्यांना येतं, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) कधी बदलायचा आणि रिजेक्शन कुठून येतंय हे कळायला दोन वर्षं जातात. मशीनचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होईल, तुझं पहिलं बिल चौथ्या महिन्यात वटेल. मधले तीन हप्ते वडिलांच्या पेन्शनमधून जाणार असतील तर घेऊच नको.

---

घाणा आणि गुऱ्हाळ

मी म्हणतो टाक, पण मोटारीचे पार्ट करायला जाऊ नको. तिथे साचेकारांसारखे मुरलेले रडतायत. भोवताली ऊसतोडणी यंत्रं फिरतात, हंगामात बंद पडली की मालक रात्री अकराला पार्ट मागतो आणि रोख देतो. नोव्हेंबर ते मार्च. उरलेले महिने ट्रॅक्टरच्या अवजारांची कामं.

---

पासबुक

व्याज परताव्याच्या भरवशावर हप्ता बसवू नकोस बाळा, आधी हप्ता तू भरायचा असतो, परतावा नंतर येतो. आणि सेकंडहँड मशीनला बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, ते आधी शाखेत विचार.

---

खर्चीवाला

साचेकार, ती तिसऱ्या पाळीची चार माणसं घ्यायची झाली तर आधी मला विचारा. वय 44 आहे, मशीनवर उभं राहायची सवय आहे.