कॅप रेटमध्ये कर्जाचा हप्ता धरायचा की नाही? माझा आकडा उणे येतोय

मंडळी, जरा मदत हवीये. भाड्याने द्यायला म्हणून एक फ्लॅट बघतोय, पहिलीच वेळ. एजंटने कागदावर 'कॅप रेट 8 टक्के' (म्हणजे घराच्या किमतीवर वर्षाला किती टक्के कमाई) लिहून त्याला पेनाने दोनदा गोल करून दिलाय, आणि मी घरी येऊन तीनदा हिशोब केला तर एकदा 8 आला, एकदा 5 आणि एकदा चक्क उणे!

सोपं पडावं म्हणून किंमत 100 धरतो. वर्षाचं भाडं 8. एजंटने सरळ 8 भागिले 100 केलंय. पण मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, नळ-वायरिंगची किरकोळ कामं मिळून 2.3 जातात, वर भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं पडलं की अजून 0.7 गेले, म्हणजे हातात उरले 5. आता वर्षाचे कर्जाचे हप्ते होतात 7, ते वजा केले की उणे 2. यातलं खरं कुठलं? आणि दुसरा एक फ्लॅट आहे त्याचा खर्च जाऊन 7 टक्के येतो, मग डोळे झाकून तोच घ्यायचा का?

प्रतिसाद: तुमचा 5 बरोबर, कॅप रेट म्हणजे खर्च जाऊन उरलेलं वर्षाचं उत्पन्न भागिले किंमत. एजंटने काढलंय ते नुसतं भाड्याचं प्रमाण, त्याला कॅप रेट म्हणत नाहीत (म्हणतात बरेच जण, विकायचं असतं ना). हप्ता यात धरायचाच नाही. तोच फ्लॅट एकाने रोख घेतला, दुसऱ्याने कर्ज काढून, तरी कॅप रेट तोच, कारण तो मालमत्तेचा आकडा आहे, तुमच्या खिशाचा नाही. खिशाचा वेगळा काढा: समजा स्वतःचे 20 घातले, बाकी कर्ज, आणि वर्षाला 2 पदरचे जातायत म्हणजे रोखीवर उणे 10 टक्के. हप्त्यात थोडं मुद्दल फिटतं हे खरं, पण ते 2 दर वर्षी आणणार कुठून ते आधी ठरवा. कर्जाचा व्याजदरच कॅप रेटच्या वर असेल तर जितकं कर्ज जास्त तितका परतावा खाली.

7 वाला घेण्याआधी तो स्वस्त का मिळतोय ते बघा. भाडेकरू टिकत नसतील, इमारत जुनी असेल किंवा भाडं वाढायची आशा नसेल तर लोक कमी किंमत देतात आणि कॅप रेट आपोआप फुगतो. उलटंही ध्यानात ठेवा, तुमचं उत्पन्न 5 च राहिलं आणि उद्या बाजारात खरेदीदार 6 टक्के कॅप रेट मागायला लागले तर 100 ची किंमत 83 वर येते, भाडेकरू वेळेवर पैसे देत असला तरी.

मूळ प्रश्नकर्ता: आत्ता पेटला दिवा, आभार! एजंटला फोन करून विचारलं की रिकामा महिना का नाही धरला, तर म्हणे "तिथे घर रिकामं राहतच नाही साहेब". गेल्या दोन वर्षांचे भाडेकरार आणि मेंटेनन्सच्या पावत्या मागितल्यात, तेव्हापासून फोन उचलत नाहीये.