शिक्षा ठरवताना आकड्यांचं किती ऐकायचं?

शापोराकाठ:
गोव्यातल्या न्यायालयांपुढे शिक्षा सुनावण्याआधी दोन गोष्टी असाव्यात: अशाच गुन्ह्यात आधी काय शिक्षा झाल्या, आणि सुटल्यावर त्यातले किती जण परत गुन्ह्यात सापडले. साधी चोरी घ्या. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद देता येते आणि अडीच वर्षंही. दोन्ही कायद्यात बसतं. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्येच शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवायला वैधानिक समिती सुचवली होती. इंग्लंडमध्ये तसं मंडळ २०१० पासून आहे. आपण मात्र अजून अंदाजपंचे.

मुचलका:
‘परत सापडले’ म्हणजे नक्की काय? पुन्हा अटक, पुन्हा दोषी, की पुन्हा तुरुंग? तिन्ही आकडे वेगळे येतात आणि प्रत्येकजण सोयीचा उचलतो. त्यात गोवा एवढासा. कोलवाळच्या तुरुंगातून सुटलेला माणूस सावंतवाडीत किंवा कारवारात पकडला गेला, तर गोव्याच्या नोंदीत तो ‘सुधारलेला’.

नावांचा घोळ तर विचारू नका. रोमन लिपीत ‘नाईक’ एका कागदावर शेवटी ‘के’ लावून, दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ लावून. ‘कामत’चं ‘कामोतीम’. संगणकाला ही दोन माणसं.

शिवाय जिथे झडत्या जास्त, तिथे गुन्हेगार जास्त. नोंद पोलिसांच्या फेऱ्यांची होते, माणसाच्या स्वभावाची नाही. माणूस परत गुन्हा करेल का याचा अंदाज गुणांत सांगणाऱ्या अमेरिकेतल्या ‘कॉम्पास’ गुणांकनावर २०१६ मध्ये हाच वाद पेटला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वापरू दिलं, पण शिक्षा त्यावरच ठरवू नका असं बजावून.

शापोराकाठ:
गुणांकन मी मागितलेलंच नाही. व्याख्या एकच धरा: सुटकेच्या दिवसापासून दोन वर्षांत केलेला आणि पुढे शाबीत झालेला नवा गुन्हा. मधल्या काळात दुसऱ्या खटल्यात आत असेल तर ते दिवस वजा, कारण आत बसलेला माणूस बाहेर चोरी करत नाही. निकालाला वेळ लागतो, म्हणून मोजणी लगेच बंद करायची नाही. नावाऐवजी बोटांचे ठसे जुळवा. ‘नाफिस’ या देशभरच्या ठसे-नोंद यंत्रणेत माणसाला दहा अंकी राष्ट्रीय क्रमांक मिळतो, त्यामुळे कारवारची नोंदही सापडू शकते.

कलम ३९:
दोघेही फार लांबचं बघताय. किनारपट्टीवरचा नेहमीचा खटला घ्या: चरस १०० ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे ‘अल्प प्रमाण’. अमली पदार्थ कायद्याचं कलम ३३ इथे प्रौढाला प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर सुटका, देऊच देत नाही. सूट फक्त कलम २६ (परवानाधारकांचे गुन्हे) आणि २७ (सेवन) ला. मग वकील प्रोबेशन मागतो, सरकारी वकील ३३ दाखवतो, विषय संपला.

कलम ३९ कोणी उघडतच नाही! दोषी व्यसनी असेल आणि तयार असेल, तर लगेच शिक्षा न देता बंधपत्रावर उपचाराला पाठवता येतं. वर्षाच्या आत वैद्यकीय अहवाल कोर्टात यायला हवा. तो बघून पुढे तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडता येतं. मोजायचंच असेल तर आधी हे मोजा: किती जणांना पाठवलं, किती अहवाल वेळेत आले.

मुचलका:
हे पटलं. पण चोरीच्या खटल्यात प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल कसा होतो बघा. २१ वर्षांखालच्या दोषीसाठी १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम ६ तो मागवायलाच लावतं. घाईत केला की त्यात राहतं काय? ‘भाड्याची खोली, काम अनियमित, वडील गावी.’ ही गरिबी झाली, धोका नव्हे. वर कलम ४ ची अट: कोर्टाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात जिथे राहणार तिथे, राहण्याचं ठराविक ठिकाण किंवा नियमित काम हवं. बांधकामावरचा परप्रांतीय पोरगा इथेच अडकतो, आणि त्याच गुन्ह्यात म्हापशाचा पोरगा घरी जातो. शापोराकाठ, हे आकडे उद्या तुमच्या शिक्षांच्या तक्त्यात ‘परप्रांतीय = तुरुंग’ असे दिसणार.

शापोराकाठ:
तक्त्यात दिसलं तर भेदभाव पकडता तरी येईल. आज तो दिसतही नाही.

कलम ३९:
मुचलकासाहेब, अट अर्धीच वाचलीत. दोषी ‘किंवा त्याचा जामीनदार’ असं आहे तिथे. मुकादम इथला असेल आणि जामीन राहिला तरी चालतं. अडचण एवढीच की तो राहत नाही.