मदत हवी आहे : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना आईची अक्कलदाढ कशी काढावी?

आई ६४ वर्षांची, आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्यात राहतो. खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकली आहे. मागच्या आठवड्यात गाल टम्म सुजला, ताप आला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. भाकरी दुधात कुस्करून, उजव्या बाजूनं हळूहळू, असे चार दिवस काढले. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. सूज उतरली. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे हातात आहे. गरम शेक दिलेला नाही, कृपया तो सुचवू नका.

अडचण वेगळीच आहे. सात महिन्यांपूर्वी स्टेंट बसलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. शुगरही आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८. दातांचे डॉक्टर म्हणतात, पाच दिवस गोळ्या थांबवा. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, वर्ष होईपर्यंत एक दिवसही नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मला त्यांचंच पटतं, गोळ्या बंद करणार नाही. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

गोळ्या चालू ठेवून, टाके घालून आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडचा बोळा दाबून दाढ काढतात असं कळलं. सांगली-मिरजेपर्यंत यायची तयारी आहे. तुमच्या घरी कुणाची अशी दाढ काढली असेल तर सांगा : कोणत्या ओरल सर्जननी केली, अ‍ॅडमिट व्हावं लागलं का, आणि रक्त थांबायला किती वेळ लागला?