विषय: मिरजेहून एका दिवसात कोल्हापूर, मांडरेंचं घर बघायचंय (गाडीशिवाय)

कडून: मिरजेची सून, रेडिंग (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात सासरी मिरजेला चाललोय. लेक चौदा वर्षांची आहे, दिवसभर स्केचबुक घेऊन बसलेली असते. तिला शाळेनं इथं एका चित्रकाराच्या घरी नेलं होतं, जिथं तो राहायचा तिथंच चित्रं लावलेली, आणि तेव्हापासून एकच भुणभुण, आपल्याकडं असं कुणाचं घर नाही का म्हणून. मी आपली गप्प. फोनवर सासऱ्यांना सहज बोलले तर ते म्हणाले आहे की, चंद्रकांतचा बंगला, राजारामपुरीत. मी म्हटलं चंद्रकांत म्हणजे सिनेमातले? तर म्हणे हो तेच, पण माणूस आधी चित्रकार.

तर प्रश्न असा की गाडी न घेता जमेल का. ह्यांना तिकडं गाडी चालवायची नाहीये (का ते विचारू नका, कबूल करणार नाहीत) आणि ड्रायव्हर सांगितला की तो नरसोबाची वाडी, जोतिबा, पन्हाळा असं सगळं एका दिवसात उरकून द्यायला बघतो, मग चित्रं बघायला दहा मिनिटं मिळतात. रेल्वेनं किंवा एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल ना? सासूबाई पण येणार आहेत, वय ७६, चालतात बऱ्यापैकी. अंबाबाईचं दर्शन झालंच पाहिजे ही त्यांची अट.

कडून: राजारामपुरीकर, लेस्टर

वहिनी, जमेल का काय विचारताय, आरामात जमतंय. माझं सगळं लहानपण राजारामपुरीत गेलंय त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन वाचा.

मिरज कोल्हापूर पॅसेंजर धरा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर आहे, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गूळ मार्केट असं थांबत थांबत जाते, रुकडीजवळ पंचगंगेचा पूल लागतो तेव्हा पोरीला खिडकीशी बसवा. वेळा तिकडं गेल्यावर ॲपवर बघा, त्या बदलत असतात. एसटी पण मिरजेहून भरपूर आहेत आणि कोल्हापूरला स्टेशन आणि सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड) अगदी शेजारी शेजारी, त्यामुळं जाताना रेल्वे आणि येताना जी मिळेल ती एसटी असं केलंत तरी चालतंय, गाडी चुकली म्हणून जीव टांगणीला लागत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, आणि ७५ च्या पुढच्यांना पूर्ण माफ, पण त्याला आधार कार्ड जवळ ठेवायचं. आपल्यासारख्या परदेशी पासपोर्टवाल्यांना ओसीआय कार्ड दाखवून वयाची सवलत मागत बसू नका, कंडक्टरला पन्नास माणसांची तिकिटं फाडायची असतात.

स्टेशनातून राजारामपुरीला जायचं म्हणजे रुळाच्या पलीकडं जायचं. पारीख पुलाखालून गेलात की झालं. (पावसाळ्यात तिथं तळं होतंय, डिसेंबरात प्रश्न नाही.) पुढं गल्ल्या नंबरानं आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, सातव्या गल्लीत जायचं आणि चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय कुठं म्हणून विचारायचं. बंगल्याचं नाव 'निसर्ग'. आमच्यासारख्यांना चालत वीस पंचवीस मिनिटं, सासूबाईंसाठी रिक्षा करा. सोमवार सोडून जावा, सरकारी म्युझियमं सोमवारी बंद.

आता घराबद्दल. चंद्रकांत मांडरे म्हणजे १९१३ चा जन्म, बाबूराव पेंटरांचे शिष्य. लोकांना ते आठवतात भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी' मधले महाराज म्हणून, आणि नट सूर्यकांतचे थोरले भाऊ म्हणून. पण शूटिंग नसलं की हा माणूस चित्रं काढायचा, आणि म्हातारपणी नाही, आयुष्यभर. आणि नंतर काय केलं तर स्वतः हयात असताना राहता बंगला आणि चित्रं शासनाला देऊन टाकली. आमच्या गल्लीत म्हातारी माणसं गुंठ्यासाठी भावावर कोर्टात जायची, त्याच राजारामपुरीत एक नट अख्खा बंगला देऊन मोकळा झाला, हे मला लहानपणी कळायचं नाही, आता जास्तच कळत नाही. २००१ ला गेले.

पोरीला एक सांगून ठेवा. तिथं पावडर शेडिंग बघायचं. रंगाची कोरडी पूड कागदावर कापसानं, बोटानं, कागदाच्या गुंडाळीनं चोळत चोळत चित्र आणायचं, ब्रश नाही, पाणी नाही. लांबून बघितलं तर वाटतं जलरंग असतील, सकाळचं धुकं वगैरे. मग हातभर अंतरावर जाऊन बघायचं, ब्रशचा फटकारा कुठंच दिसत नाही, धुक्याच्या जागी नुसता कागदाचा दाणा दिसतो. पांढरा रंग लावलेला नसतो, तो कागदच ठेवलेला असतो. आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे सर पावडरनं फोटोवरून पोर्ट्रेट करून द्यायचे, लग्नाच्या सीझनला जोरात धंदा, म्हणून मला माहिती की एकदा बोट चुकीचं फिरलं की ती जागा मळकट होते आणि मग खोडरबरानं उचलायला गेलं तर आणखी मळते. त्यामुळं त्यातनं झाडांची गर्दी आणि पाण्यावरचा उजेड आणायचा म्हणजे हात केवढा हलका पाहिजे.

तासभर तिथंच घालवा. अंबाबाई नंतर. दर्शनाची रांग आधी धरलीत तर दिवस गेला म्हणून समजा.

कडून: मंगळवार पेठ, स्लाऊ

राजारामपुरीकर, तुमचं बरोबर आहे पण नेहमीसारखं तुम्ही तुमच्या गल्लीच्या बाहेर पडत नाही.

ताई, मुलीला खरंच चित्रकला दाखवायची असेल तर टाऊन हॉल म्युझियम सोडू नका. सीपीआर हॉस्पिटलच्या समोर. इमारत १८७२ ते ७६ मधली, चार्ल्स मँटची, ज्यानं पुढं नवा राजवाडा बांधला. बाग आहे, झाडं आहेत, सासूबाईंना बसायला सावली. आत आबालाल रहिमान आहेत. चंद्रकांतना मी कमी म्हणत नाही, पण कोल्हापुरात चित्रकार म्हटलं की पहिलं नाव आबालालचं घ्यायचं ही आमच्याकडची रीत. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकायला गेलेला आपल्याकडचा पहिला माणूस, तिथं मेडल घेतलं, परत आला आणि शाहू महाराजांच्या पदरी राहिला. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, हेच काढत बसला आयुष्यभर. महाराज १९२२ ला गेले त्यानंतर त्यानं आपली चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली असं सांगतात. खरंखोटं अंबाबाईला माहीत, पण १९३१ ला तो गेला तेव्हा मागं थोडीच चित्रं उरली होती एवढं मात्र खरं. त्याचं घर बघायला मिळत नाही, म्हणून त्याची चित्रं तरी बघा.

आणि तिथंच एक ब्राँझची पोसायडनची मूर्ती आहे, ग्रीक समुद्रदेव, वीतभर पण नाही, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली १९४० च्या दशकात. लोक मोठी मूर्ती शोधत पुढं निघून जातात.

केएमटीनं (कोल्हापूरची सिटी बस) राजारामपुरीतून तिकडं जाता येतं पण तिघं चौघं असाल तर रिक्षाच परवडते आणि म्हातारं माणूस बसच्या पायरीवर लटकत नाही. टाऊन हॉलपासून भवानी मंडप, अंबाबाई सगळं चालत. वाटेत पोरीला केशवराव भोसले नाट्यगृहाकडं पण न्या, ऑगस्ट २०२४ ला आग लागली ती बातमी इथं सगळ्यांनी शेअर केली होती, बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या मावस की आत्ये की काय त्या भावांनी एका काळी नाटकांचे पडदे रंगवलेत. हाच बाबूराव स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढतो, टिळक त्याला सिनेमा केसरी म्हणतात, आणि त्याच्याच कंपनीतनं शांताराम, दामले, फत्तेलाल बाहेर पडून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी काढतात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, फोटो काढा. चंद्रकांत हा त्या झाडाचा एक फाटा आहे, हे कळलं तर पोरीला मजा येईल, नाहीतर तिला वाटायचं हिरो लोकांचा छंद.

कडून: पुणे–ब्रॅकनेल

मध्येच घुसतोय. पुण्याहून वंदे भारतनं एका दिवसात करता येईल का हे? आमचं मिरज वगैरे काही नाही.

कडून: राजारामपुरीकर, लेस्टर

नाही हो. ती पुण्याहून दुपारी निघते आणि कोल्हापूरला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, परत जाणारी सकाळी कोल्हापूरहून, आणि रोज नाही, आठवड्यातनं तीनदाच. एक रात्र मुक्काम करा, किंवा मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री पुण्यात धरा, सकाळी उतरलात की मिसळ खाऊन दहाच्या सुमाराला दारात. हायवेनं एसटी आहे पण एका बाजूला सव्वादोनशे किलोमीटर, जाऊन येऊन एका दिवसात, म्हणजे चित्रं बघणार ती डुलक्या काढत.

आणि मंगळवार पेठवाले, बाबूराव आणि आनंदराव चुलतभाऊ. आबालालवरनं वाद घालत नाही, पण चित्रकाराचं घर विचारलंय, टाऊन हॉल हे घर नव्हे.

कडून: मिरजेची सून, सध्या मिरज

मंडळी, जाऊन आलो. दोघांचंही ऐकलं.

गुरुवारी गेलो. पॅसेंजरला जयसिंगपूरला जी गर्दी चढली की सासूबाईंनी शेजारच्या बाईचं पोरगं मांडीवर घेतलं आणि रुकडीपर्यंत तिच्या माहेरची सगळी माहिती काढली. पूल आला तेव्हा लेक फोनमध्ये, ते असो.

बंगल्यात आमच्याशिवाय एक शाळामास्तर होते, दोन मुलं घेऊन आलेले, बाकी कुणी नाही. लेकीला वाटलं होतं इंग्लंडातल्या त्या घरासारखं असेल, हेडफोन, दोरी बांधलेली खुर्ची, त्यांचा चष्मा टेबलावर. इथं तसं घर म्हणून मांडलेलं नाही, चित्रं आहेत. आधी तिचं तोंड पडलं. मग मी तिला ते हातभर अंतराचं सांगितलं आणि ती एका झाडाच्या चित्रासमोर इतकी वेळ उभी राहिली की ह्यांनी खूण करून विचारलं, हिला बरं वाटतंय ना? बुंध्याची एक कड उजेडात आहे, ती कड म्हणजे सुटलेला कागद, आणि शेजारची सावली बोटाच्या पेरानं आत ढकललेली. तिनं पेर लावून बघितलं (चित्राला नाही, आपल्या स्केचबुकावर) आणि म्हणाली, आई, ह्यांचं बोट माझ्याएवढंच आहे. ते शिवाजी महाराज झालेले हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. सासूबाईंना मात्र फक्त तेच दिसत होतं, आमचा महाराज एवढी शांत चित्रं काढायचा म्हणून त्यांना भरून आलं. एकाच खोलीत दोघी दोन वेगळी माणसं बघत होत्या, मी मध्ये.

मुलीनं मिरजेत आल्या आल्या सासऱ्यांकडून खडूची पूड करून घेतली, घरभर निळे हात. आता इस्त्रीच्या टेबलाची चादर कुणाची ते विचारू नका.

टाऊन हॉलला पोचायला उशीर झाला कारण राजारामपुरीत जेवायला बसलो आणि पांढरा रस्सा चौथ्यांदा वाढून घेण्यात ह्यांनी वेळ घालवला. पोसायडन सापडला. मंगळवार पेठवाले काका, तुम्ही म्हणालात तसं आम्ही पण पुढं निघालो होतो, लेकीनं मागं बोलावलं. आबालालच्या चित्रांसमोर मला जास्त थांबायचं होतं पण सासूबाईंचं घड्याळ अंबाबाईवर लागलेलं. दर्शनाला दीड तास रांग, आणि त्या दीड तासात लेकीनं पुढच्या बाईचा पाठमोरा अंबाडा काढला, गजऱ्यासकट. खरी कॉर्नर राहिलं.

पुन्हा जाणाऱ्यांसाठी: पाण्याची बाटली आणि आईंसाठी फोल्डिंग स्टूल घ्या, रांगेत उपयोग होतो. परतीला सीबीएसवरून एसटीच घेतली, साडेसातला घरी. आईंचं तिकीट शून्य रुपये, कंडक्टरनं आधार नीट बघून विचारलं, आजी, खरंच ७६? त्यावर त्या रस्ताभर खूष.

राजारामपुरीकर दादा, एक विचारायचंय. तुमचे ते ड्रॉइंगचे सर पूड कुठनं आणायचे? मिरजेत दोन स्टेशनरीवाल्यांना विचारलं, ते पोस्टर कलर काढून दाखवतात. आम्ही अजून नऊ दिवस इथं आहोत.