गोंधळ घालायला घरचे जुनेच गोंधळी बोलवावेत का? (कराड भाग)

कृष्णाकाठचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, पुतण्याचं लग्न वैशाखात आहे आणि घरात एकाच गोष्टीवरून दोन तट पडलेत. आमच्या घरात लग्नाला देवीचा गोंधळ घालणारं गोंधळ्यांचं घराणं ठरलेलं आहे, आजोबांच्या लग्नात आत्ताच्या गोंधळीबाबांच्या वडिलांनी घातला, १९७८ ला माझ्या वडिलांच्या लग्नात हे बाबा स्वतः संबळावर होते आणि २००४ ला माझ्या लग्नात हेच नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी. आता या गोंधळीबाबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं गेलंय, आवाज लांब जात नाही, आख्यानात मधेच कडवं निसटतं. पोरं म्हणतात साउंड सिस्टीमसकट दोन तासांचं पॅकेज करणारी पार्टी मिळते, ती घ्या.

माझं मन तयार होत नाही त्याचं कारण सांगतो. चौक भरून झाला, दिवटी पेटली की बाबा देवांना बोलवायला लागतात, तुळजापूरची भवानी, औंधची यमाई, पालचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, शिंगणापूरचा महादेव, आणि सगळ्यात शेवटी आमच्या विहिरीवरचा म्हसोबा. तो म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला वीतभर दगड, भावकीबाहेर कुणाला माहीतसुद्धा नाही, पण त्याचं नाव आलं की अख्ख्या भावकीचा हात आपोआप जोडला जातो.

माझ्या लग्नात आज्जी आतल्या खोलीत खाटेवर होती, दिसत नव्हतं तिला. संबळ सुरू झाला तशी म्हणाली, "आज सैल वाजतंय, त्येला इचार, बरं हाय का." खरंच बाबांना त्या दिवशी ताप होता. पहाटे गोंधळ उरकल्यावर ते आत आले, खाटेपाशी खाली बसले आणि नुसत्या तोंडानं, वाद्य न घेता तिला आरती म्हणून दाखवली. पुढच्या पावसाळ्यात आज्जी गेली.

आता बोलवावं तर त्यांना झेपंल का, आणि न बोलवावं तर त्यांना काय वाटंल? अनुभव असेल त्यांनी सांगा.

संबळ_घरचा:
दादा, माझे वडील गोंधळी, मी एसटीत आहे पण सुट्टी काढून तुणतुणं धरायला जातो, म्हणून आतलं सांगतो. फोन करून "झेपंल का" असं अजिबात विचारू नका. नारळ-सुपारी घेऊन घरी जा आणि "तारीख धरलीय, नाईक तुम्हीच" एवढं म्हणा, किती करायचं ते त्यांचं ते ठरवतील. आवाहन आणि आरती त्यांच्याकडं, आख्यान मुलाकडं नाहीतर साथीदाराकडं, असं आमच्यात चालतंच. माइक फक्त त्यांच्या तोंडापुढं ठेवा, संबळाला माइक लावला की गाणारा बुडतो.

दुसरं म्हणजे वेळ. वरात, डीजे, जेवणं सगळं उरकून रात्री साडेबाराला गोंधळी उभा करतात आणि मग म्हणतात रंगला नाही. नवाच्या आत उभं करा. पुढच्या सतरंजीवर म्हातारी माणसं बसवा, गोंधळी तोंडं बघून गातो. वडील कायम म्हणतात की घरातली मान डोलवणारी म्हातारी दिसली की पुढचं कडवं आपोआप येतं, आणि समोर नुसते मोबाईल दिसले की पाठ असलेलंसुद्धा जातं. बिदागी आणि शिधा पहिल्यासारखाच पुरा द्या, वय झालं म्हणून कमी नको.

विट्याचा_अण्णा:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही असाच हट्ट केला होता. आमचे जुने गोंधळी आख्यानात अडकले, दोनदा मागं जाऊन परत सुरू केलं, मंडपातली पोरं उठून गेली, पाहुणे जेवायला गेले. ते काही बोलले नाहीत, पण दिवटी विझवताना त्यांचा चेहरा मी बघितलाय आणि तो अजून डोळ्यापुढनं जात नाही. मान द्यायचा म्हणून बोलवलं आणि चारचौघात उघडं पाडलं असं झालं. वरच्या भाऊंनी सांगितलंय तशी आख्यानाला दुसरा माणूस असण्याची व्यवस्था असंल तरच बोलवा.

तासगावची_लेक:
वाचून आज्जीच आठवली. आमच्याकडं जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा एकच, एकीनं ओवी उचलायची दुसरीनं पुढं न्यायची, त्यामुळं ऐकणारी कोण आणि गाणारी कोण हे वेगळं नव्हतंच. आई लहानपणी आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायची आणि नंतर तीच समोर बसली. मग गिरणी आली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, आता त्या परी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकायला मिळतात, मी रात्री ऐकत बसते. पण आमच्या आज्जीच्या कुणी घेतल्या नाहीत, त्यात माझ्या मामांची नावं होती, आमच्या ओढ्याचं नाव होतं. एवढंच सांगते, बाबांचं ते आवाहन म्हसोबापर्यंत पूर्ण रेकॉर्ड करा, लग्नाच्या गर्दीत नको, आधी त्यांच्या घरी शांत बसून.

बिरोबाचं_लेकरू:
आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात धनगरी ओवीला बसलं की एकजण सांगतो आणि बाकीचे झेलतात, म्हंजी ओळ मागनं उचलतात, सांगणारा अडकला तर झेलणाराच शब्द देतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत न्हाय. तुमचे चुलते असतील तर त्यांनी ते आख्यान दोन लग्नांत तरी ऐकलं असंल, त्यांना पुढं बसवा, बाबा अडले तर तेच शब्द देतील बघा.

कृष्णाकाठचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. रविवारी नारळ घेऊन चुलत्यांबरोबर जाऊन आलो. विचारायची वेळच आली नाही, त्यांनीच सांगितलं आवाहन मी करतो, संबळ नातू वाजवंल, कराडला आयटीआय करतोय तो. लगेच त्याला हाक मारून वाजवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसले, एकदा फक्त हातानं जरा सावकाश अशी खूण केली. आवाहन रेकॉर्ड केलं, सव्वीस मिनिटं झालं.

म्हसोबाचं नाव आलं तसं ते थांबले आणि विचारलं, रस्त्यात विहीर बुजली असं ऐकलं, मग देव कुठं ठेवला? आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. दगड गोठ्याच्या मागं पोत्यात ठेवलाय, दोन वर्षं झाली. काल चुलत्यांनी बांधावर लिंबाखाली जागा साफ केली, शेंदूर आणायला मी उद्या कराडला चाललोय.