तोल जातो म्हणजे दर वेळी पार्किन्सन्सच नव्हे

'पार्किन्सन्स आहे म्हणजे तोल जाणारच, कानाची तपासणी वेगळी कशाला?' असा प्रश्न एकाने विचारला, म्हणून आमचा अनुभव सांगते. आम्ही दादरला राहतो. माझ्या बाबांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार आहे. बाबांनी कूस बदलली की त्यांना खोली गरगर फिरल्यासारखी वाटायची. वर्षभर आम्ही ते आजाराच्याच खाती टाकलं, याचं अजून वाईट वाटतं.

न्यूरोलॉजिस्टनी मागे उभं राहून बाबांचे खांदे झटकन ओढले. एक-दोन पावलांत सावरलं तर ठीक. बाबा पाच पावलं मागे गेले. हा पार्किन्सन्सचा भाग. (घरी करून बघू नका, माणूस थेट पडतो.) मग मान एका बाजूला वळवून त्यांना पटकन आडवं केलं, आणि काही सेकंदांत बुबुळं थरथरायला लागली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागेवरून सुटले होते! डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते परत जागी नेतात. दोन खेपांत गरगर थांबली.

बीपीसुद्धा आडवं असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर चक्कर त्यामुळेही असू शकते. आणि लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरच्या औषधाची) गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्या. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर चाल वेगळीच दिसते.