सिअ‍ॅटलजवळ नदीकाठावरून सॅमन आणि स्टीलहेड: नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

रेडमंडकर

नमस्कार मंडळी. तळ्यातले ट्राउट धरण्याइतपत गाठी बांधणं आणि गळ टाकणं जमतं. आता नदीवर सॅमन आणि जमलं तर स्टीलहेड (समुद्रातून नदीत येणारा ट्राउट) धरायला शिकायचं आहे. बोट नाही, घ्यायचीही नाही. काठावरून किंवा फार तर गुडघाभर पाण्यात उभं राहून.

दुकानात फिरत्या पातीचे स्पिनर, वजनदार डोक्याच्या जिग, तरंगत्या गोळ्यांच्या कॉर्की, बीड असं इतकं काही टांगलेलं असतं की काय घ्यावं ते कळत नाही. एकच रॉड घ्यायचा तर कोणता? मासा नदीत नेमका कुठे असतो हे वरून कसं ओळखायचं? आणि नियमपुस्तिकेत नवखा माणूस हमखास कुठे अडकतो?

स्कायकाठ

आधी मासा निवडा, मग सामान. स्टीलहेडपासून सुरुवात करू नका. तो संख्येने कमी, गार पाण्यात सुस्त, आणि दिवसभर काहीच लागलं नाही तर आपलं चुकतंय की नदीत मासाच नाही हे नवख्याला कळत नाही. शिकायला पिंक सॅमन सगळ्यात चांगला. प्युजेट साउंड या इथल्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत तो विषम वर्षी येतो, म्हणजे यापुढे २०२७. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्नोहोमिश, स्कायकोमिशचा खालचा भाग, पुयालप, ग्रीन या नद्यांत झुंडी चढतात. मासा साधारण ३ ते ५ पौंडांचा, धरायला सोपा. सम वर्षी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर कोहो या सॅमनवर हात बसवा. स्टीलहेडचे हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेले) मासे स्कायकोमिशवर गोल्ड बारजवळच्या रायटर पाँड्सपाशी, किंवा दक्षिणेला कावलिट्झवर ब्लू क्रीकच्या मुखाशी येतात. तिथे गर्दी असते, पण मासा तिथे येतोच, हे शिकणाऱ्यासाठी महत्त्वाचं.

रॉड: ९ फूट ६ इंच, स्पिनिंग, मीडियम किंवा मीडियम-हेवी, ८ ते १२ पौंड दोरीसाठीचा. तळ्यातला ६ फुटी रॉड इथे उपयोगाचा नाही, कारण काठावरून दोरी पाण्यावरून उचलून प्रवाहाच्या वर टाकावी लागते आणि त्याला लांबी लागते. चिनूक या मोठ्या सॅमनच्या मागे लागलात तर याहून जड रॉड लागेल, पण पहिल्या वर्षी ते नको. रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं. त्याचा ड्रॅग (दोरी सुटताना होणारा रोध) झटके न देता सुटतो का ते दुकानातच हाताने ओढून पाहा. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, रीळवर नको.

मुख्य दोरी ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), भडक रंगाची. ती तरंगते, त्यामुळे पाण्यावरून उचलता येते, आणि रंगामुळे ती कुठे पडली आहे ते दिसतं. पुढे लीडर, म्हणजे गळाकडचा शेवटचा तुकडा, १० ते १२ पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन). लीडर नेहमी मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा हवा, म्हणजे गळ तळाशी अडकला तर फक्त शेवटचा तुकडा जातो आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) आणि शिसं परत येतं.

आमिषांत चारच गोष्टी घ्या: पाव औंसाची गुलाबी जिग (पिंकसाठी), ४ नंबरचा स्पिनर आणि ३/८ औंसाची काळी किंवा जांभळी जिग (कोहोसाठी), आणि फ्लोटखाली लावायची १/८ औंसाची गुलाबी-पांढरी जिग (स्टीलहेडसाठी). प्रत्येकी तीन-चार. बाकी भिंत तशीच राहू द्या. रंगापेक्षा खोली आणि वेग यांवर मासा लागतो, आणि बहुतेक लोक वर्षभर रंगच बदलत बसतात.

तळठोक

मासा कुठे असतो ते सांगतो.

स्टीलहेडचं पाणी म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाचं, ४ ते ६ फूट खोल. वेग मोजायला काडी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. धावावं लागलं तर पाणी जास्त वेगवान, थांबावं लागलं तर फार संथ. पाण्याचा पृष्ठभागही तळाचं सांगतो. वर बारीक उंचवटे, खडबडीतपणा दिसला तर खाली गोटे आहेत आणि गोट्यांच्या आडोशाला मासा विसावतो. आरशासारखं गुळगुळीत आणि संथ असेल तर बहुधा वाळू, तिथे वेळ घालवू नका. पांढरा फेस उसळतोय तिथे मासा टिकत नाही, पण त्याच्या शेजारची रेषा, जिथे वेगवान आणि संथ पाणी घासून जातं आणि फेसाचे ठिपके ओळीने वाहतात, ती पहिली तपासायची. डोहातून पाणी बाहेर पडताना उथळ होतं त्या शेपटाकडे पहाटे पाहा. रॅपिड (खळाळ) चढून दमलेला मासा तिथे थांबतो.

कोहोचं वेगळं. त्याला संथ पाणी आवडतं: पडलेल्या झाडांच्या मागे, उलट्या भोवऱ्यात, जवळजवळ साचल्यासारख्या कडेला. तिथे जिग टाका, तळाकडे जाऊ द्या, रॉडचं टोक झटक्याने फूटभर वर, मग सैल. बहुतेक वेळा जिग खाली पडतानाच तो धरतो, म्हणून पडताना दोरीवर नजर हवी.

पाणी चढलेलं, गढूळ असेल तर मासे काठाला सरकतात, कधीकधी तुमच्यापासून ५ फुटांवर. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी पहिले चार फेक पायाजवळ. नवखे नेमके माशांवरून चालत आत जातात आणि मग पलीकडच्या काठाकडे फेकतात.

घरून निघण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) मापकावर नदीचा आलेख बघा. वर चढत असेल तर घरीच राहा. उतरत असेल आणि पाणी हिरवट, ३ ते ५ फूट खोलवर दिसेल इतकं निवळलं असेल तर सुट्टी टाका. हिवाळ्यात पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की मासा आमिषामागे धावत नाही, त्याच्या नाकापाशीच न्यावं लागतं.

फ्लोटची जोडणी वरून खाली अशी: ब्रेडवर दोऱ्याची थांबगाठ, मग छोटा मणी, मग अर्ध्या औंसाचा सरकता फ्लोट, आणखी एक मणी, ३/८ औंसाचं शिसं, स्विव्हल (फिरती कडी), १८ ते २४ इंच लीडर, शेवटी १/८ औंसाची जिग. फ्लोटच्या अंगावर लिहिलेलं वजन आणि शिसं-जिगचं एकूण वजन जुळलं पाहिजे, म्हणजे फक्त रंगीत टोक पाण्याबाहेर राहतं. वजन कमी पडलं तर फ्लोट आडवा पडतो आणि मासा ओढतोय की लाट आहे ते समजत नाही. थांबगाठ गुळगुळीत ब्रेडवर सरकते, हा सगळ्यांना येणारा त्रास. सहा-सात वेढे घ्या, ओली करून आवळा, तरी सरकली तर ब्रेडला पुढे १० फूट १५ पौंडी मोनो जोडून गाठ त्यावर बांधा.

खोली अशी लावा: अंदाजाने ५ फूट ठेवून सोडा. फ्लोटचं डोकं प्रवाहाच्या दिशेने, खाली झुकलं तर शिसं तळाला घासतंय, गाठ सहा इंच खाली घ्या. एकदाही घासलं नाही तर सहा इंच वर घ्या, घासेपर्यंत. मग फूटभर कमी करा. मासा वर बघतो, स्वतःच्या पोटाखाली बघत नाही, म्हणून जिग तळापासून फूट-दीड फूट वर हवी. जागा बदलली की हे सगळं पुन्हा.

फेक किंचित वरच्या बाजूला. फ्लोट समोर येईपर्यंत सैल दोरी गुंडाळत राहा. मधला वेगवान प्रवाह दोरीचं पोट पुढे ओढतो आणि फ्लोट भोवतालच्या फेसापेक्षा जोरात पळायला लागतो. असं दिसलं की रॉड उंच करून दोरी उचला आणि वरच्या बाजूला टाका, फ्लोट न हलवता. फ्लोट आणि फेसाचा ठिपका शेजारी शेजारी वाहत असतील तर तुमचं बरोबर चाललंय. फ्लोट बुडला की थांबू नका, सैल दोरी गुंडाळत रॉड वर घ्या.

कावलिट्झवाला

तळठोक यांचं पाणी वाचण्याबद्दल सगळं मान्य, पण फ्लोटच पहिला शिकावा हे मला पटत नाही. शिसं तळाला टेकवत नेणं, म्हणजे ड्रिफ्ट, आधी शिकलं तर तळ हाताला कळतो. स्नॅप-स्विव्हलला शिशाचा तुकडा, ३० इंच लीडर, १ नंबरचा गळ, त्यावर १४ नंबरची कॉर्की आणि गळाच्या फासात लोकरीचा झुपका. शिसं दर दोन-तीन फुटांवर एकदा टकटक लागलं पाहिजे. सतत खरखर म्हणजे वजन जास्त, अर्धा इंच कापा. काहीच लागत नाही म्हणजे कमी. मासा जोरात ओढत नाही, टकटक मध्येच थांबते किंवा रबर ताणल्यासारखं लागतं, तेव्हाच रॉड उचला. सामान खूप जातं हे खरं. दिवसाला डझनभर लीडर घरून बांधून न्या, थंडीत बोटं गाठी मारत नाहीत.

स्कायकाठ

ड्रिफ्ट उत्तम, पण गर्दीच्या पिंक हंगामात नवख्याच्या हातात लांब लीडर म्हणजे गळ माशाच्या तोंडाऐवजी अंगात अडकणं. म्हणून माझं मत फ्लोटकडेच. आता नियम, वॉशिंग्टन राज्यापुरते.

परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. १५ वर्षांपासून पुढे परवाना लागतो. सॅमन-स्टीलहेडसाठी कॅच रेकॉर्ड कार्डही लागतं, आणि ते १५ खालच्या मुलांनाही. मासा ठेवला की तिथल्या तिथे नोंद, गाडीपाशी जाऊन नाही. एकही मासा मिळाला नाही तरी वर्षअखेरीला कार्डाचा अहवाल द्यावाच लागतो.

जिथे अँटी-स्नॅगिंग (माशाच्या अंगात गळ अडकवण्याविरुद्धचा) नियम आहे तिथे एकच एकेरी गळ, टोकापासून दांड्यापर्यंत पाऊण इंच किंवा कमी, आणि शिसं आमिषाच्या किमान १२ इंच वर. बऱ्याच नद्यांवर बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे, पक्कडीने काटा दाबून टाका. पोटाला, शेपटीला अडकलेला मासा सोडायचा. हंगाम आणीबाणीच्या आदेशाने मध्येच बंद होतो, म्हणून राज्याच्या मत्स्य-वन्यजीव खात्याचं फिश वॉशिंग्टन अ‍ॅप त्याच सकाळी बघा, आदल्या आठवड्याचं धरून चालू नका.

सगळ्यात मोठी चूक जंगली आणि हॅचरीचा मासा न ओळखण्याची. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, करंगळीच्या टोकाएवढा मांसल पर असतो. हॅचरीत तो पिल्लू असतानाच कापतात, त्या जागी भरून आलेला गुळगुळीत व्रण दिसतो. पर असेल तर जंगली. जंगली स्टीलहेड ठेवता येत नाही. प्युजेट साउंडचे स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्त यादीत आहेत. सोडायचा मासा पूर्ण पाण्याबाहेर काढणंही बेकायदा आहे, म्हणजे हातात उचलून फोटो नाही.

जात ओळखायला: चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही टोकांवर. कोहोच्या हिरड्या पांढुरक्या, ठिपके फक्त वरच्या टोकावर. पिंकच्या शेपटीवर मोठे लांबट ठिपके. चम सॅमनला ठिपके नसतात, अंगावर उभे पट्टे असतात. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं, शेपूट सरळ कापल्यासारखी.

रेडमंडकर

खूप आभार, फ्लोटनेच सुरुवात करतो. अजून दोन शंका. मासा लागल्यावर काठावरून आणायचा कसा? आणि मादी मिळाली तर तिच्या गाभोळीचं लोक आमिष करतात म्हणे, ते कसं?

तळठोक

लागल्याबरोबर मोठ्याने 'फिश ऑन' म्हणा, शेजारचे आपापल्या दोऱ्या गुंडाळतात. कुणाचा मासा लागला तर तुम्हीही तेच करा. ड्रॅग आधीच हाताने ओढून ३ पौंडांच्या आसपास सुटेल असा लावलेला हवा. मासा पळत असताना रीळ फिरवू नका, ब्रेडला पीळ पडतो. रॉड उभा धरून बसू नका, आडवा करून प्रवाहाच्या खालच्या बाजूने ओढा म्हणजे त्याचं डोकं वळतं. खाली पळाला तर काठाने त्याच्या मागे चाला. मासे सुटतात ते बहुतेक काठापाशी, शेवटच्या उसळीत, म्हणून मासा पायाशी आला की ड्रॅग थोडा सैल करा. जाळं रबरी, गाठी नसलेलं. ते पाण्यात आधी बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून त्यावर न्या, शेपटीमागून जाळं मारू नका.

सोडायचा असेल तर जाळ्यातच, पाण्याखाली, पक्कडीने गळ उलटा फिरवा. मग तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुंध्याला हलकं धरा, तो स्वतः जोर लावेपर्यंत. पाणी ६८ अंशांच्या वर असेल तर सोडलेला मासाही नंतर मरतो, त्या दिवशी गळ टाकूच नका.

ठेवायचा असेल तर डोक्यावर एक नेमका घाव, लगेच कल्ल्यांच्या कमानी कापून पाच मिनिटं प्रवाहात धरा, मग पोट साफ करून बर्फात. रक्त राहिलं तर मांस मऊ पडतं आणि कालवणात उग्र वास येतो.

आणि ऑक्टोबरपासून खडीत धुतल्यासारखे फिकट, गोलसर पट्टे दिसले तर त्यावर पाय देऊ नका. खाली अंडी आहेत. त्यांवर उभ्या माशांनाही गळ टाकायचा नाही.

कावलिट्झवाला

गाभोळी: पडदा न फाटलेली, घट्ट हवी. दाणे सुटे झालेली गळावर टिकत नाही. मधली रक्तवाहिनी चमच्याच्या पाठीने पिळून रिकामी करा, कागदावर कोरडी करा, सुपारीएवढे तुकडे पडद्यासकट कापा. बोरॅक्स २ भाग, साखर १, बिनआयोडीनचं मीठ १, एकत्र करून सगळीकडून चोळा आणि बरणीत भरा. आधी पाणी सुटतं, फेकू नका, दाणे ते परत ओढून घेतात. २४ तास फ्रिजमध्ये, मधूनमधून बरणी उलटी करा, मग लहान पिशव्यांतून फ्रीझर. ही खायची नाही, बरणीवर तसं लिहा, घरातल्या कुणाला तळायच्या गाभोळीसारखीच वाटेल. बांधायला गळावर एग लूप गाठ शिका, फासात तुकडा बसतो. पण सिलेक्टिव्ह गिअर (ठराविक सामानच चालणारा) नियम असलेल्या नदीवर गाभोळीसारखं खाद्य आमिष चालत नाही, तिथे फक्त जिगसारखी कृत्रिम आमिषं.

कुत्रा बरोबर नेत असाल तर काठावरचं कच्चं सॅमन त्याला चाटूही देऊ नका. इथल्या माशातल्या परजीवीबरोबर येणाऱ्या जंतूने कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो, साधारण आठवड्याभरात उलट्या आणि ताप सुरू होतो. खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि सॅमन खाल्लंय हे पहिल्यांदा सांगा.